सात खाचांसाठी

“हिला हातात घे, पोरा, पण हिच्या हातात जाऊ नकोस.”

मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या एल्काना स्पॅरमने हे सांगितले, तेव्हा माझ्या अंगाला अजून जवसाच्या तेलाचा वास येत होता. मी ते ऐकले आणि मनातल्या मनात हसले. म्हाताऱ्या माणसांना नव्या वस्तूत आधी धोकाच दिसतो, असे मला वाटले. मला विकत घेणारा वीस वर्षांचा अँब्रोज थर्टलही हसला. त्याने मला खांद्यावर टाकले आणि आम्ही दोघे शीळ घालत निघालो.

मित्रांनो, आता मी एक जुनी बॅट आहे. माझी पाठ चिरलेली आहे, मुठीवरचा दोरा केव्हाच सुटून गेला आहे. ऑल्डर्बी गावच्या चर्चला मागे एक लहान खोली आहे, तिथे पाद्रीसाहेब प्रार्थनेआधी पांढरा झगा चढवतात. त्या खोलीच्या खिडकीशी मी कितीतरी वर्षे उभी आहे. मला कुणी टाकून देत नाही आणि कुणी हातातही घेत नाही.

मी मूळची नदीकाठची. विलोचे एक झाड होते, त्याचा एक ओंडका म्हणजे मी. हिवाळ्यात तोडले, दोन वर्षे कोठारात वाळत ठेवले, मग एल्कानाने रंध्याने मला आकार दिला. आमच्या वेळच्या बॅटी वजनाला भारी असत. मूठ वेगळी करून बसवायची पद्धत अजून आली नव्हती, मूठ आणि पाते एकाच लाकडाचे. त्यामुळे चेंडूचा तडाखा बसला की तो थेट माणसाच्या खांद्यापर्यंत जाई. अँब्रोजला तो फार आवडे. दिवसभर ग्रीक पुस्तकांत मान घातलेला, बोलताना अडखळणारा मुलगा तो. पण मला हातात घेतले की त्याचे अडखळणे संपे.

तेव्हा दोन विद्यापीठांनी एकमेकांशी क्रिकेट खेळणे ही नवीनच गोष्ट होती. प्राध्यापक नाके मुरडत. “ह्या पोरांना उनाडायला निमित्त हवं,” असे म्हणत. अँब्रोज उंच काळी टोपी घालून खेळायला उतरला. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. धावांना त्या वेळी खाचा म्हणत, कारण मोजणारा माणूस काठीवर सुरीने खाच पाडत बसे. आमच्या नावावर त्या दिवशी एकवीस खाचा पडल्या. बाकीचे चारपाचात गुंडाळले गेले, म्हणून एकविसांचे फार कौतुक झाले. एका म्हाताऱ्या सरदाराने मला हातात घेऊन माझ्या पाठीवर थाप मारली. त्या एकवीस खाचांवर आम्ही दोघे पुढची कितीतरी वर्षे जगलो.

मग अँब्रोजने धर्माची दीक्षा घेतली. काही वर्षे कॉलेजातच शिकवले, लग्न केले नाही. कॉलेजच्या ताब्यातले ऑल्डर्बीचे पाद्रीपद रिकामे झाले तेव्हा ते त्याला मिळाले. तेव्हापासून तो सगळ्यांचा थर्टलसाहेब झाला आणि मीही त्यांना साहेबच म्हणू लागले.

ऑल्डर्बी म्हणजे सपाट मुलूख. सातूची शेते, नदी, बदके आणि वारा. साहेब आले ते पुस्तकांच्या दोन पेट्या आणि मला घेऊन. चर्चची घंटा वाजवणारा आणि कबरी खणणारा जोब लार्टर सामान उतरवायला आला होता. त्याने मला वरखाली करून पाहिले.

“साहेब, हे वल्हं कशाला आणलंत? आमच्याकडं वल्ही आहेत की.”

“वल्हं नव्हे जोब, बॅट आहे ती.”

“आमच्या गेज लोहाराकडं आहे बॅट. ह्याच्या निम्मी.”

“म्हणूनच तुम्ही मार्डलकडून हरता,” साहेब म्हणाले.

जोब असा हसला की पेटी त्याच्या हातून सुटली. मार्डल हे शेजारचे गाव. त्यांच्याकडून ऑल्डर्बी दरवर्षी हरे, ही गावाची जुनी जखम होती. नव्या पाद्रीने पहिल्याच दिवशी तिच्यावर बोट ठेवले, म्हणून गावाने त्यांना आपले म्हटले.

चर्चमागच्या कुरणात साहेबांनी खेळपट्टी केली. गेज लोहार, गिरणीवाला, दोन गुराखी, असे अकराजण जमवले. जोबला मोजायला बसवले. उन्हाळ्यात साहेबांची प्रवचने आखूड होत आणि लोक त्याबद्दल देवाचे आभार मानत. ती माझी सुखाची वर्षे. दर शनिवारी साहेब मला तेल लावत, फडक्याने पुसत आणि एकवीस खाचांची गोष्ट कुणाला ना कुणाला सांगत.

पुढे साहेब बदलू लागले. जुन्या विद्यापीठातल्या मित्रांकडून पुस्तिका येत. देवाच्या कामात फार ढिलाई आली आहे, नियम पाळले जात नाहीत, असे काहीतरी त्यात असे. साहेब ती रात्ररात्र वाचत. वाईट माणूस ते कधीच नव्हते. पण नियमाचा धाक लागलेला चांगला माणूस फार अवघड होतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

गावात केझाया मॉब्ज नावाची म्हातारी सुईण होती. सगळे तिला मॉब्जआई म्हणत. चाळीस वर्षे तिने गावाची बाळंतपणे केली होती. तिच्या शालीआड जस्ताचा एक लहान पेला असे. एखादे मूल जगेलसे वाटले नाही, की ती स्वतःच त्याच्या डोक्यावर पाणी घाली, नाव ठेवी आणि प्रार्थनेचे चार शब्द म्हणे. तोच त्याचा बाप्तिस्मा. बाप्तिस्मा झालेले मूल गेले, तर त्याला चर्चच्या दक्षिण अंगाला, उन्हात, आपल्या माणसांजवळ पुरत. घंटा वाजे, पाद्री प्रार्थना म्हणत. बाप्तिस्मा न होता जे जाई, त्याला उत्तरेच्या भिंतीखाली पुरत. तिथे घंटा नाही, प्रार्थना नाही आणि नोंदवहीत नावही नाही.

नाताळाच्या आधी एका सकाळी साहेबांनी तिला ह्याच खोलीत बोलावले.

“मॉब्जबाई, गेल्या वर्षात किती मुलांवर पाणी घातलंत?”

“मोजलं नाही, साहेब. जी राहतीलसं वाटलं नाही, त्यांच्यावर.”

“अधिकार नसलेल्या हातचं पाणी म्हणजे नुसतं पाणी. त्यानं बाप्तिस्मा होत नाही.”

“आधीचे साहेब कधी काही म्हणाले नाहीत.”

“आधीचे साहेब आठवडाभर कोल्ह्यांच्या शिकारीमागं असत.”

म्हातारीने पेला शालीआड घट्ट धरला. “मग मी काय करावं? बाळ थांबत नाही, साहेब.”

“मला बोलवा,” साहेब म्हणाले. “पहाटे बोलवा, पावसात बोलवा. मी येईन. पण तुम्ही पाणी घालायचं नाही. ह्या पुस्तकावर हात ठेवून सांगा मला.”

तिने हात ठेवला. मित्रांनो, साहेबांनी ते मनापासून म्हटले होते, ह्याची मी साक्षीदार आहे. त्या हिवाळ्यात तिने दोनदा बोलावले आणि दोन्ही वेळा ते धावत गेले. पहिल्या वेळी गुडघाभर बर्फातून गेले, तर मूल आईच्या अंगावर पीत होते. दुसऱ्या वेळी गेज लोहाराचे मूल होते. साहेब पोचले, त्याला उचलले आणि त्याने मोठा ढेकर दिला. गाव महिनाभर हसले. “पाद्रीसाहेबांना ढेकर ऐकायला बोलावतात,” असे गुत्त्यात म्हणत. साहेबांचे कान लाल होत. ते म्हातारीला म्हणाले, “जरा नीट बघून बोलवत जा, बाई.”

आता डॉर्कसविषयी सांगते. डॉर्कस ही जोब लार्टरची सून. तिचा नवरा रूबेन नदीवर माल वाहणारी बोट चालवी आणि पंधरा पंधरा दिवस बाहेर असे. तिची पहिली दोन्ही मुले जन्मल्यावर दोनचार दिवसांत गेली होती. मॉब्जआईने त्यांच्यावर वेळेवर पाणी घातले होते, म्हणून ती दोघे दक्षिण अंगाला शेजारी शेजारी होती. डॉर्कस रविवारी प्रार्थनेनंतर तिथे जाई आणि गवत सारखे करी. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. पाच दिवस झाले, आठ झाले, दहा झाले. मुलगी राहिली. डॉर्कस तिला खाली ठेवीना. श्वास चालू आहे ना हे बघायला ती तिच्या नाकापुढे कोंबडीचे पीस धरी, आणि पीस हलले की हसे. मॉब्जआई तिला म्हणाली, “अगं, तिला बघून बघूनच दमवशील.” रूबेन परत आला की पुढच्या रविवारी बाप्तिस्मा करायचा, असे ठरले.

अकरावा दिवस उन्हाळ्यातल्या एका सणाच्या सोमवारी आला. त्याच दिवशी मार्डलशी सामना होता.

सगळे गाव कुरणात होते. आमचा डाव कोसळत कोसळत शेवटच्या जोडीवर आला. एका टोकाला साहेब आणि मी, दुसऱ्या टोकाला गेज लोहार. जिंकायला सात खाचा हव्या होत्या. नऊ वर्षांत इतक्या जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. जोब काठी मांडीवर घेऊन, सुरी उघडी धरून बसला होता.

तेवढ्यात मॉब्जआई कुरणात शिरली. ती कडेला थांबली नाही, सरळ मधे चालत आली.

“अहो मॉब्जआई, चेंडू बसेल!”

“येऊ द्या तिला! गेजपेक्षा बरी खेळेल!”

ती साहेबांसमोर उभी राहिली. धाप लागली होती. हळू आवाजात म्हणाली, “साहेब, डॉर्कसची मुलगी. चला.”

“काय झालं?”

“सकाळपासून दूध ओढत नाही. ओठांचा रंग गेलाय.”

“ढेकर काढलास का गं तिचा?” गेज लोहार पलीकडून ओरडला आणि सगळे कुरण हसले.

म्हातारीने मान वळवली नाही. साहेबांची बोटे माझ्या मुठीवरून सैल झाली. मला ते कळले. एक बोट सुटले, दुसरे सुटले. मी खाली पडणार, एवढ्यात मार्डलचा गोलंदाज चेंडू उडवत म्हणाला, “जाताय का साहेब? मग आम्ही जिंकलो म्हणायचं ना?”

बोटे पुन्हा मिटली.

“तुम्ही पुढं व्हा, मॉब्जबाई,” साहेब म्हणाले. “दहा मिनिटं. मी आलोच.”

“बाळ थांबत नाही, साहेब.”

“आलोच म्हटलं ना.”

तिने जोबकडे पाहिले. तो त्या मुलीचा आजा. जोबने नजर काठीवरून उचलली नाही. “सातच राहिल्यात, केझाया,” तो म्हणाला. “सात.”

म्हातारी वळली. तिला धावता येत नव्हते. सातूच्या कडेने तिची पांढरी टोपी हळूहळू लहान होत गेलेली मला दिसत होती.

मित्रांनो, आता मी माझेही सांगायला हवे. मला वाईट वाटत होते असे सांगितले तर ते खोटे ठरेल. मला चेंडू हवा होता. साहेबांची बोटे मिटली तेव्हा मला आनंद झाला. मी लाकूड आहे, मी काय करणार होते, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा म्हणून पाहिले. पण त्या क्षणी मी त्या हातांना जड व्हायला हवे होते, आणि मी हलकी झाले.

मार्डलच्या लोकांनी जपून गोलंदाजी केली. एक खाच. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. दहा मिनिटांची वीस झाली, वीसची तीस झाली असतील. शेवटी साहेबांनी मला पूर्ण फिरवले. चेंडू माझ्या छातीच्या बरोबर मधोमध बसला आणि कुंपणापलीकडे गेला.

लोक धावत आले. त्यांनी साहेबांना खांद्यावर घेतले. “सोडा! सोडा मला!” साहेब ओरडत होते. लोकांना वाटले, विनय. त्यांनी साहेबांना आणखी उंच उचलले आणि गुत्त्याच्या वाटेला लागले. साहेबांनी शेवटी माझ्या दांड्याने एकाच्या पाठीत ढोसले, तेव्हा कुठे त्यांना खाली सोडले. ते सातूतून धावत सुटले. मी त्यांच्या हातात होते, मला टाकायचेही भान त्यांना नव्हते.

डॉर्कसच्या घराचे दार उघडेच होते. चुलीशी मॉब्जआई उभी होती. तिच्या दोन्ही हातांत तो जस्ताचा पेला होता, काठोकाठ भरलेला. एक थेंब सांडलेला नव्हता.

“मी वाट बघितली, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतं तशी.”

डॉर्कस पलंगाच्या कडेवर बसली होती. मुलगी मांडीवर होती. पलंगावर ते कोंबडीचे पीस पडले होते.

“आत्ताच गेली,” डॉर्कस म्हणाली. “अजून ऊब आहे. हात लावून बघा ना. घाला पाणी.”

“डॉर्कस...”

“कुणाला कळणार आहे? मॉब्जआई सांगायची नाही. मी सांगायची नाही. एक थेंब घाला. नाव मी सांगते.”

साहेबांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. पेल्याकडे पाहिले. त्यांचे ओठ हलले. आणि मी, एक लाकडाचा तुकडा, देवाला विनवत होते की ह्या माणसाला आज एकदा खोटे वागू दे.

“गेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, बाई,” साहेब म्हणाले.

“मग माझी दोन तिकडं आणि ही एकटी इकडं?”

साहेबांनी मला दाराशी टेकवले, दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि तसेच बाहेर पडले. मी तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोबने उत्तरेच्या भिंतीखाली खड्डा खणला. घंटा वाजवणारे आणि खणणारे हात एकच होते, पण त्या दिवशी त्यांना फक्त खणायचे होते. साहेब भिंतीच्या कोपऱ्याशी टोपी काढून उभे होते. त्यांनी पुस्तक आणले होते पण उघडले नाही, असे जोबने घरी येऊन सांगितले.

“वरचं गवत तसंच ठेवलंय, पोरी,” तो म्हणाला. “फुलं आहेत त्यात. तुला जागा ओळखू येईल.”

डॉर्कसने त्याच्याकडे पाहिले. “जिंकलात ना, बाबा?”

जोब उंबरठ्यावर बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

मी त्या घरात नऊ दिवस होते. तिला दूध आले होते. पिणारे कुणी नव्हते, म्हणून मॉब्जआई तिच्या छातीवर कोबीची पाने बांधी. डॉर्कस कामात मधेच थांबे, पाळण्याकडे जाई, वाकून ऐके आणि परत येई. दिवसातून कितीदा ते मी मोजणे सोडले. एकदा घरात कुणी नसताना तिने मुलीचे नाव घेतले, हाक मारल्यासारखे. ते नाव फक्त मला माहीत आहे. ते कुठल्याही वहीत नाही आणि मीही सांगणार नाही.

रूबेन परत आला. त्याने मला उचलून चुलीत घालायला नेले.

“राहू दे,” डॉर्कस म्हणाली. “लाकूड आहे ते. त्याचा काय दोष?”

मला ते जळण्यापेक्षा जास्त लागले. रूबेनने मला नेऊन पाद्रीसाहेबांच्या कुंपणावरून आत भिरकावले. दगडावर पडून माझी पाठ चिरली. साहेबांनी मला उचलून ह्या खोलीत आणून ठेवले.

आमच्याकडे बाळंतीण महिन्याने चर्चमध्ये येते. पांढरा रुमाल डोक्यावर घेऊन ती गुडघे टेकते आणि पाद्री तिच्या सुटकेबद्दल देवाचे आभार मानतो. ते होईपर्यंत तिला कुणी आपल्या घरात येऊ देत नाही, विहिरीवर जाऊ देत नाही. मूल जगो न जगो, रीत चुकत नाही. डॉर्कस आली. ह्या खोलीचे दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. साहेबांनी सुरुवात केली, “देवाच्या कृपेने तुझी संकटातून सुखरूप...” आणि आवाज थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबला. चर्चमध्ये बायका एकमेकींकडे बघत असाव्यात.

“वाचा, साहेब,” डॉर्कस म्हणाली. “मला पाण्याला जायचंय.”

साहेबांनी वाचले.

त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. शरद ऋतूत त्यांनी मॉब्जआईला बोलावले आणि म्हणाले, “बाई, मी तुम्हाला शपथेतून मोकळं करतो. ह्यापुढं पाणी घालत जा.” तिने पेला ह्या टेबलावर ठेवला. “आता दुसरी कुणी बघा,” ती म्हणाली. “तो पेला धरून उभी राहिले ना, तेव्हापासून हे हात माझं ऐकत नाहीत.” त्याच हिवाळ्यात ती गेली. दुसरी कुणी पुढे आली नाही. पाद्री रागावतात, हेच गावाच्या ध्यानात राहिले. शपथ सुटली हे कुणी मनावर घेतले नाही. नंतरची आणखी चार मुले उत्तरेच्या भिंतीखाली गेली. दर बोलावण्याला साहेब धावले. दोनदा वेळेवर पोचले, चारदा नाही.

एकदा त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिले. उत्तरेच्या भिंतीखाली जाऊन निदान एकदा प्रार्थना म्हणण्याची परवानगी मागितली. उत्तर आले, नियम तो नियम. साहेबांनी ते पत्र माझ्या शेजारी खिळ्याला लावले. अजून आहे. नियमाचा आधार ज्यांनी आयुष्यभर घेतला, त्यांना नियमाबाहेर पाऊल टाकायला पायच राहत नाहीत. प्रार्थना त्यांनी कधी म्हटली नाही. ते रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभे मात्र राहतात.

कुरणात आता बदके चरतात. जोब गेला. त्याच्या खाचांच्या काठ्या कुणीतरी चुलीला लावल्या. रूबेन एका पुरात बोटीसकट गेला. डॉर्कसला पुन्हा मूल झाले नाही. ती त्याच घरात एकटी राहते. ह्या खिडकीतून मला तिच्या घराचे धुराडे दिसते. बाकी काही दिसत नाही, पण तेवढे पुरते. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी तिच्या घरातून धूर निघतो. वीस वर्षांत तो चुकलेला मला आठवत नाही.

काल धूर उशिरा आला, आणि बारीक. आज आलाच नाही. आता दुपार व्हायला आली आहे.

साहेबांनीही ते पाहिले आहे. ते सत्तरीला टेकले आहेत. सकाळपासून तीनदा टोपी घालून फाटकापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. आता समोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले आहेत. “माझा आवाज ऐकला तर ती दार उघडायची नाही,” असे मघा स्वतःशीच म्हणाले. भीती खरी असेल किंवा नसेल. पण ते उठत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, धूळ पुसा, तेल लावा. मला ह्यातले काही नको. मी इथे कुजले तरी चालेल. माझे एवढेच काम करा. गिरणीच्या वाटेने खाली जा, नदीच्या अलीकडचे शेवटचे घर. दार वाजवा, पण उत्तराची वाट बघत बाहेर उभे राहू नका. ती कडी घालत नाही, ढकलले की उघडते. आत पलंग डाव्या हाताला आहे. ती झोपलेली दिसली तरी जवळ जा, नाकापुढे हात धरून बघा, अंगात ऊब आहे का बघा. चूल पेटवा. काहीतरी कोमट तिच्या पोटात जाऊ द्या. कोण आलंय म्हणून तिने विचारले, तर पाद्रीसाहेबांनी पाठवलंय असे सांगू नका, आपण होऊन आलो म्हणा. आणि ती काही बोलली नाही, तर तिच्याजवळ बसा, कुणी दुसरे येईपर्यंत उठू नका.

जा ना कुणीतरी.